स्लाऊच्या देव्हाऱ्यातली वाळवी

डॉक्टर शशिधर केळशीकरांच्या घरात वाळवी सापडली नाही.

हे वाक्य तुम्ही वाचलेलंच नाही. आपण सुरुवात करतोय ती इथून.

लंडनजवळच्या स्लाऊत राहणारे डॉक्टर शशिधर केळशीकर म्हणजे थेम्सच्या खोऱ्यातले सर्वश्रेष्ठ मराठी गुप्तहेर. दुसरा कुणी नसल्यामुळे हे पद त्यांच्याकडून कुणी हिसकावूनही घेत नव्हतं. नोकरीत ते रेडिओलॉजिस्ट होते. "जन्मभर माणसांच्या आतलं बघितलं, आता समाजाच्या आतलं बघणार," असं ते रिटायर होताना म्हणाले होते. मग त्यांनी गल्लीतला हरवलेला कचऱ्याचा निळा बिन शोधून आणला. तो शेजाऱ्यांचाच होता आणि हरवलेलाही नव्हता, पण शोध तो शोध.

त्यांची सहायक म्हणजे बायको अनुराधा. तिनं या जागेसाठी अर्ज केलेला नव्हता.

दिवाळी नुकतीच झाली होती. देव्हाऱ्याखाली रोज बारीक, गोल, पिवळसर कण दिसू लागले. देव्हारा सागवानी, अनुराधाच्या आईचा, सांगलीहून आलेला. कस्टम्सवाल्यांनी तो 'डॉल्स हाऊस' म्हणून सोडला होता.

"विष्ठा!" डॉक्टर गुडघ्यांवर बसून म्हणाले.

"अहो, देवासमोर काय बोलताय!"

"वाळवीची विष्ठा, अनू. ती लाकूड आतून खाते आणि हे असं बाहेर टाकते. मी व्हिडिओ बघितलाय. देव्हारा गेला. शनिवारी टिपवर, कौन्सिलच्या कचरा डेपोत नेऊ, मी स्लॉट बुक केलाय."

"आणि देव?"

"तूर्त आइस्क्रीमच्या डब्यात."

देव्हाऱ्याच्या दाराची कड आईच्या हातानं झिजून गुळगुळीत झाली होती. अनुराधाचं बोट आपोआप तिथे गेलं. ही कड टिपवर, कुणाच्या तरी फुटक्या सोफ्याशेजारी? तिनं रात्रभर वाळवीबद्दल वाचून काढलं आणि सकाळी म्हणाली, "लाकडाला भोक नाही, ते कुठे पोकळ वाजत नाही, ओल नाही. वाळवी असेल तर भिंतीवर मातीच्या नळ्या तरी दिसतील."

"ती आतून दार लावून घेते," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी भिंतीवर टकटक केलं. "ऐक. पोकळ!"

"प्लास्टरबोर्ड आहे तो. इंग्लंडमधली दर दुसरी भिंत अशीच वाजते."

"म्हणजे देशभर पसरलीय!"

त्यानंतर पुरावे भराभर जमू लागले. स्वयंपाकघरात पातळ, पारदर्शक पंख मिळाले. उडती वाळवी पंख टाकून देते, हे व्हिडिओत होतंच. ती लसणाची सालं निघाली, तेव्हा डॉक्टरांनी बायकोकडे संशयानं बघितलं. मग त्यांनी एका पेस्ट कंट्रोल कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "टर्माइट्स? इन स्लाऊ, लव्ह? वी डोन्ट गेट देम हियर."

डॉक्टरांनी फोन ठेवला. "फितूर."

शेवटी त्यांनी देवघरात दुपारचा पहारा सुरू केला. एकट्यानं, दार लावून. चमत्कार म्हणजे पहारा सुरू झाल्यापासून कण वाढले.

"माझ्या पायाशीच टाकून जाते," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडं कौतुकही होतं. "धीट आहे."

शुक्रवारी अनुराधानं देव डब्यात ठेवले. व्हॅनिलाच्या चित्रामागून गणपती बाहेर बघत होता. तेवढ्यात ईलिंगहून तिची मैत्रीण मंजिरी आली. दिवाळीला तिनं फराळाचा डबा दिला होता, तो न्यायला.

"अगं, हे काय? देव शिफ्ट करताय?"

अनुराधानं सगळं सांगितलं. मंजिरीनं खाली वाकून चिमूटभर कण उचलले आणि सरळ जिभेवर ठेवले.

"मंजू! विष्ठा आहे ती!" अनुराधा ओरडली.

मंजिरी शांतपणे चावत राहिली. "छे गं. खसखस. माझ्या अनारशांची. आमच्याकडे एकाच बाजूला लावतात. उलटा धरून खाल्ला की अशीच सांडते." मग ती दारात उभ्या डॉक्टरांकडे वळली. "शशीभाऊ, तुम्ही उलटा धरता का हो?"

डॉक्टरांनी छताकडे बघितलं. छतही पोकळ असावं.

अनुराधा तडक इस्त्रीच्या बोर्डाकडे गेली. डॉक्टरांची साखर वाढलेली, म्हणून तिनं डबा बोर्डामागे लपवला होता. लग्न झाल्यापासून डॉक्टर त्या कोपऱ्यात फिरकले नव्हते. डबा जागेवरच होता. रिकामा. डॉक्टरांनी आयुष्यात खरोखर शोधून काढलेली ती एकमेव वस्तू.

"मी पहाऱ्यावर होतो," डॉक्टर म्हणाले. "पहाऱ्यावरच्या माणसाचं लक्ष वाळवीकडे असतं, अनारशाच्या बाजूंकडे नाही."

"उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला जायचं," अनुराधा म्हणाली. तिनं फोनवर टिपचा स्लॉट रद्द केला, गणपती पुसला आणि देव्हाऱ्यात बसवला. दार लावताना तिचा हात त्या कडेवर जरा जास्त वेळ राहिला. मंजिरीनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

डॉक्टर मात्र हरले नव्हते. त्यांनी त्याच संध्याकाळी कौन्सिलला ईमेल पाठवली. तिचा मराठी मसुदा असा:

"महोदय, घटनास्थळी वाळवी आढळली नाही, यावरून ती पळून गेल्याचे सिद्ध होते. तरी सदर वाळवीस फरार घोषित करावे, हीथ्रोवर तिच्यावर पाळत ठेवावी आणि ती पकडली जाईपर्यंत अर्जदाराची साखर तपासण्यास अर्जदाराच्या पत्नीस मनाई करण्यात यावी, ही नम्र विनंती."