देवमनरावचा बिनवासाचा रोहू

दर इतवारी दुपारी आमच्या गल्लीत ऊद-कापराचा असा घमघमाट सुटते, की नव्या माणसाले वाटावं इथं कोण्या महाराजाचा मठ आहे. मठबिठ काही नाही. देवमनराव बेलीफाच्या घरी मासोळी झालेली असते.

समोरच्या घरात एक मास्तरीणबाई नवीनच राहायला आल्या. पहिल्याच इतवारी डोक्यावर पदर घेऊन, हातात फुलं घेऊन त्या देवमनरावच्या दारात उभ्या. "काका, पूजा झाली का? तीर्थाले आली."

देवमनराव नुकतेच जेवून उठले होते. चेहऱ्यावरची माशीही न हलू देता म्हणाले, "पूजा आटोपली बाई. विसर्जनही झालं." आणि बाईच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. बाईनं ती डोळ्याले लावून खाल्ली. तवापासून गल्लीत त्यांचं नाव धार्मिक माणूस म्हणून झालं. औंदा गणपतीच्या मंडळानं आरतीचं ताट त्यांच्याच हाती दिलं. पहिल्या कडव्याच्या पुढं त्यांले काही येत नाही. मंग ते ताटच जोरानं ओवाळतात.

देवमनराव मूळचे तेल्हाऱ्याचे. नोकरी कोर्टात, बेलीफाची. अर्धी अकोल्यात झाली, अर्धी इथं अमरावतीत. लोकाइच्या दारावर समन्स नेऊन द्यायचं काम. लग्न केलं नाही. काहून नाही केलं विचारलं तर म्हणतात, "बापू, मी दुसऱ्याले समन्स देणारा माणूस. सोताच कसा घेऊ?" त्यांची अन् माझी भिंत एकच. इकडं मी खोकललो की तिकडून ते 'पाणी प्या' म्हणून वरडतात.

नोकरी सुटली, पण कोर्ट काही तोंडातून गेलं नाही. मासोळी म्हणजे आरोपी. निंबू सरकारी वकील. आणि वास म्हणजे पुरावा. "आरोपी पोटात गेला की घरात पुरावा नाही राह्यला पाह्यजे," हे त्यांचं पालुपद.

त्यासाठी हा माणूस काय काय करते ते ऐका. इतवाऱ्याच्या बाजारात जाऊन मासोळीचा कल्ला स्वतः उचलून हुंगते. "ताज्या मासोयीले वास नसते बापू. वास आला म्हणजे समजा केस जुनी हाय." मासोळीवाली त्यांच्यावर चिडते. "ओ काका, मासोयी घेता का सोयरीक जुळवता?" मंग पिशवीत नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात रोहू घरी येते. बेसन आणि हळद लावून चोळणं, धुणं, चिंचेच्या पाण्यात ठेवणं. चूल मागच्या आंगणात. या कामाची एक खाकी पँट आणि बंडी वेगळी, ती घरात येत नाही. डोक्याले टॉवेल, बाईमाणसानं केस बांधावे तसा. कढईच्या झाकणाभोवती ओला कपडा. डोकं-खवले राखेत घोळून पपईच्या झाडाच्या बुडी पुरायचे. कढई राखेनं, चिंचेनं घासायची. मंग घरात निंबूच्या साली उकळायला ठेवायच्या, आणि शेवटी ऊद.

एवढं झालं की भिंतीवर थाप पडते. "बापू! पंचनाम्याले या!"

मी पंच. मी जातो आणि पडदा हुंगतो, उशी हुंगतो, भिंतीवरचा शर्ट हुंगतो. देवमनराव मागं हात बांधून उभे.

"खरं सांगा. शपथेवर हाय तुमी."

"ऊदाचा वास येते."

"ऊद आपल्या बाजूचा साक्षीदार हाय. मासोयीचं बोला."

"नाही येत."

"लिहून घ्या!" असं ते मोठ्यानं म्हणतात. लिहून घेणारं कोणी नसते. देवमनरावले जेवणापेक्षा या घडीची गोडी जास्त.

आता तुम्ही म्हणाल, गल्लीत कोणाचा विरोध असन. तसं नाही. आमच्या गल्लीत मास्तरीणबाई सोडल्या तर सारेच खातात. हेच देवमनराव आधी अशी मासोळी करत, की मागच्या गल्लीतले कुत्रे येऊन दारात बसत. हा बिनवासाचा नाद त्यांले लागला तो माझ्या बायकोपायी.

सुशीला बिमार पडली. दवाखान्याच्या औषधानं तिच्या तोंडाची चव गेली आणि नाक मात्र असं तिखट झालं, की कोणाच्या घरी फोडणी पडली तरी तिले इथं मळमळे. खिचडीचं पाणी तेवढं पोटात राहे. हाताच्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टर म्हणे, अंडी द्या, मासोळी द्या, आंगात ताकद आली तर औषध सोसन. आता हिचं माहेर नदीकाठचं. मासोळीवर लहानपणापासून जीव. एक दिवस खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "मासोयी खावीशी लय वाटते हो. पण वास आला की जीव वर येते."

मी हे देवमनरावले सांगतलं. असंच, बोलता बोलता. त्यांनी टोपी काढून पुसली, परत घातली. मंग म्हणे, "बापू, ही केस आपून घेतली."

पहिल्या इतवारी वाटी घेऊन ते दारात आले तशी सुशीलानं तोंड भिंतीकडं फिरवलं. "तारीख पडली," म्हणाले आणि उलट्या पावली गेले. पुढच्या खेपेले लसूण काढून टाकला. तारीख. मंग कांदा काढला. तारीख. एकदा पक्क्या डब्यात आणली, तर झाकण उघडायच्या आतच तिनं नाकाले पदर लावला. मी तडकलो. म्हटलं, "देवमनराव, बस करा आता. ते माणूस हाय, कोर्ट नाही."

"अपील बाकी हाय बापू," म्हणे, आणि गेले.

शेवटी त्यांच्या ध्यानात आलं, की वास वाफेत असते. मंग त्यांनी रोहूचे तुकडे मागच्या आंगणात तळले आणि पार थंड होऊ दिले. वरून निंबू पिळलं. आंघोळ केली, धुतलेले कपडे घातले, आणि ज्वारीच्या भाकरीखाली तुकडा झाकून ताट घेऊन आले. ताट देऊन उंबऱ्यापाशीच उभे. आत पाय नाही टाकला, न जाणो आंगाले वास असन.

सुशीलानं भाकर उचलून पाहिली. "काय हाय हे, भावजी?"

"ओयख परेड हाय वहिनी. तुमीच सांगा."

तिनं कण तोडून तोंडात टाकला. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं पाहून राहिलो होतो. तिनं दुसरा तोडला. मंग तिसरा. मंग बोटं चाटत म्हणाली, "रोहू हाय. पण मीठ कमी हाय."

देवमनराव होते तिथंच उंबऱ्यावर बसले. "निकाल लागला," एवढंच बोलले आणि मंग उगीच खोकत राहिले.

तिथून पुढं सुशीला होती तोवर दर इतवारी खायची. पोटभर नाही, पण हौसेनं. औषधानं तिले वाचवलं नाही. पण ती उपाशी नाही गेली, आवडीचं खाऊन गेली. मले त्याचं समाधान आहे आणि ते कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

तेरवी झाली. त्यानंतरच्या इतवारी भिंतीवर थाप पडली. "बापू, पंचनाम्याले या!"

मले राग आला. मी जाऊन दारातूनच बोललो, "आता कोणासाठी ऊद जाळता? मले का ओकाऱ्या येतात?"

ते पडदा झटकत होते. माझ्याकडं न पाहता म्हणाले, "सवय हाय बापू." आणि पडदा परत झटकला, झटकलेलाच.

मी अडाणी माणूस, सरळ सांगतो. मले वास पाहिजे होता. जेवणाचा डबा मेसमधून येई, गॅसवर फक्त चहा होई. सुशीला गेल्यापासून माझ्या घराले कशाचाच वास नाही. ना फोडणीचा, ना तिच्या तेलाचा. घरात पाऊल टाकलं की रिकाम्या गोदामात आल्यासारखं वाटे. आणि भिंतीपलीकडं हा माणूस वास मारायले ऊद जाळून राहिला.

गेल्या इतवारी मीच बाजारात गेलो. रोहू घेतला आणि तो तसाच नेऊन देवमनरावच्या हातात दिला. म्हटलं, "आज माह्या घरी रांधा. आत. गॅसवर."

"घरात?" ते दचकले. "बापू, पुरावा राह्यल! गादीत बसन, कपड्यात बसन!"

"बसू द्या."

"चार चार दिवस जात नाही तो."

"मले तेच पाह्यजे."

त्यांनी एकदा रोहूकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मंग बाह्या वर केल्या. आरोपी नाही म्हणाले, वकील नाही म्हणाले. सुशीलाची कढई मांडणीवरून काढली, धुतली, तेल टाकलं. लसूण ठेचला. हळद-तिखट लावलेले तुकडे ताटलीत मांडले. मी पाट घेऊन तिथंच बसलो. कितीतरी दिवसांनी त्या ओट्यापाशी कोणाची सावली हालत होती, ते मले बरं वाटलं.

तेल तापलं. देवमनरावनं तुकडा उचलला, कढईवर नेला आणि थांबले. तुकडा परत ताटलीत ठेवला. गॅस बारीक केला. हात धुतले, पंच्याले पुसले आणि मधल्या खोलीकडं गेले. मले वाटलं, आता हा माणूस ऊद आणायले चालला, आता याले काय म्हणावं.

मधल्या खोलीत सुशीलाची खाट अजून तशीच आहे. गादी गुंडाळलेली. देवमनराव उंबऱ्यापाशी उभे राहिले. आत पाय नाही टाकला. जरासे वाकले आणि झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये अशा हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, दार लोटून घेतो बरं. थोडा वास येईन आज."

दार त्यांनी असं लोटलं, की कडीसुद्धा वाजली नाही. मंग ओट्यापाशी आले, गॅस मोठा केला आणि तुकडा तेलात सोडला.