संघदीपच्या गाण्यातलं टूं

"एकदा सॉफ्टवेअर चांगलं भेटू दे, मंग पाहा!" असं संघदीपनं अर्ध्या आमगावाला सांगून ठेवलं होतं. यंदा भीमजयंतीच्या मिरवणुकीत त्यानं घरच्या कॉम्प्युटरवर बनवलेलं गाणं वाजणार होतं! झेरॉक्सचं दुकान चालवणारा जावईही संगीतकार असतो, हे त्याला सासरवाडीला दाखवायचंच होतं.

सॉफ्टवेअर निवडण्यात आठ दिवस गेले. पहिलं उघडलं, तर बटणंच बटणं! दुसऱ्यानं गाणं म्हणणाऱ्या बायकोचा, म्हणजे रचनाचा, आवाज असा काही काढला की संघदीपची आई पार्वताबाई चुलीपासून धावत आली. "काऊन रे, सुनेले सर्दी झाली का?"

तिसरं मात्र सोपं आणि फुकट.

"अजी, याच्यावर ट्रायल लिवून हाये," रचना म्हणाली.

"मंग? टेलर नाही देत का ट्रायल? मापात बसलं म्हणजे झालं!"

गाणं झालं, सीडी भरली. घाईत ती कुणी ऐकलीच नाही.

मिरवणूक निघाली, गाणं सुरू झालं. रचनाचा आवाज काय लागला होता! संघदीपची छाती फुगली आणि तेवढ्यात स्पीकर बोलला, "टूं!"

चाळीस सेकंदांनी पुन्हा टूं! फुकट्यांना ओळखायची सॉफ्टवेअरची ती रीत होती. सासरे पुढेच चालत होते. जयंती मंडळाचे अध्यक्ष देवाजी वळले, "काय गा, हे टूं टूं काय वाजून रायलं?"

संघदीप सीडी बंद करायला निघाला. पण पांढऱ्या साडीतली पार्वताबाई ठणकावून म्हणाली, "एवढं समजत नाही का जी? घोषणेची खूण हाये ते!"

पुढचं टूं वाजलं आणि तिनं मूठ उंचावली, "जय भीम!" बायका गरजल्या. बसस्टँडपर्यंत सारी मिरवणूक टूंची वाट पाहू लागली. सासरे तर सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते!

पुढच्या वर्षी संघदीपनं रीतसर सॉफ्टवेअर विकत घेतलं. गाणं एकदम स्वच्छ! देवाजींनी ते घरी येऊन ऐकलं आणि तोंड पाडलं.

"बिघडवून टाकलं गा! टूं कुठी हाये?"

नव्या सॉफ्टवेअरमध्ये सनईपासून समुद्रापर्यंत सगळे आवाज होते, तेवढं टूं नव्हतं. जुनं उघडायला गेला, तर ट्रायल संपलेली! शेवटी पार्वताबाईच माइकपुढे बसली.

आता सीडीवर नावं छापली आहेत. संगीत: संघदीप. गायिका: रचना. आणि खाली, जरा मोठ्या अक्षरांत, टूं: पार्वताबाई.