एक फीत न्या, दोन आणा

१९७६ साली सॅन होजेच्या आमच्या संगणक मंडळातल्या प्रत्येकाकडे स्वतःचा संगणक होता आणि तो काहीही करत नव्हता. जुन्या मोटारीच्या किमतीचं यंत्र. पुढे खटके आणि लुकलुकणारे दिवे. त्याला माणसाचं म्हणणं कळावं म्हणून बेसिक भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे एक दुभाषी प्रोग्रामच, लागे. जाहिरातींनुसार तो ‘लवकरच उपलब्ध’ होता.

शेवटी तो आमच्याच लोवेल ट्रास्कनं लिहिला, तोही नोकरी सोडून. त्याच्या बायकोनं, विल्मानं, उन्हाळा संपेपर्यंत मुदत दिली होती. प्रोग्राम खपला तर ठीक, नाहीतर फ्रेस्नोला तिच्या वडिलांच्या टायरच्या दुकानात उभं राहायचं. लोवेलनं किंमत बुटांच्या जोडाइतकी ठेवली. आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि अध्यक्ष हार्लन पीबडी यांनी एक प्रत रीतसर विकत घेतली.

मंडळाचा नियम उदात्त होता. ज्ञान कोंडून ठेवायचं नाही. प्रोग्रामची छिद्रं पाडलेली कागदी फीत एक न्यायची, पुढच्या सभेला दोन करून आणायच्या. एरवी वर्गणीला टाळाटाळ करणाऱ्या सभासदांनी हा नियम इतक्या निष्ठेनं पाळला, की फितींना खोकी पुरेनात.

पुढच्या सभेला लोवेल विक्रीच्या फितींची पिशवी घेऊन आला. हार्लननं दारातच त्याच्या हातात एक फीत ठेवली.

“घे. फुकट आहे.”

“हार्लन, हा माझा प्रोग्राम आहे.”

“म्हणून तुला नियम लागू नाही की काय? पुढच्या वेळी दोन घेऊन ये.”

लोवेलनं तक्रार केली, म्हणून चौकशी समिती नेमली. मूळ फीत लोवेलकडेच सुरक्षित असल्यानं चोरी झालेली नाही, असा समितीचा निष्कर्ष निघाला. दरम्यान नकलेच्या नकलांमधली छिद्रं बुजत गेली आणि आमची यंत्रं दोन अधिक दोन पाच सांगू लागली. मंडळ संतापलं. ग्राहकहितास्तव लोवेलनं सर्व फिती विनामूल्य दुरुस्त कराव्यात, असा ठराव एकमतानं झाला.

“ग्राहक कोण आहे इथे?” लोवेलनं शांतपणे विचारलं.

सगळ्यांनी हार्लनकडे पाहिलं. त्याची काहीच तक्रार नव्हती. त्याची फीत उत्तम चालत होती.

उन्हाळा सरला आणि लोवेल फ्रेस्नोला गेला. निरोपसमारंभात आमचे डोळे पाणावले. आता नवी यंत्रं आली आहेत, त्यांच्यासाठी इंटरप्रिटर नाही. लोकांना मेहनत नको असते, असं हार्लन म्हणतो.

मागच्या महिन्यात मी लोवेलच्या दुकानातून चार टायर घेतले आणि पूर्ण पैसे मोजले. टायरची नक्कल घरी काढता येत नाही. तो सभ्यपणे हसला, आणि मला खरोखर लाज वाटली.

तुम्हालाही त्याच्याबद्दल वाईट वाटलं असेल. वाटणारच. तुम्ही ही गोष्ट विकत घेऊनच वाचताय ना?