मतदानाचं बोलावणं

लोकशाही जिवंत ठेवायची जबाबदारी सुरतेतल्या लिंबायतच्या भाईदासने कधीच टाळली नव्हती. गावची ग्रामपंचायत लागली, की तो कापडाच्या लूमच्या खात्यात रजा टाकून अंमळनेरकडच्या आपल्या गावी मत द्यायला जाई. बस उमेदवाराची असे, वाटेतलं नवापूरचं जेवणही उमेदवाराचंच. लोकशाहीला जगायला एवढा आहार लागतोच.

पण जीव अडकला होता तो बसमध्ये नाही. एरवी गावी गेलं, की भाऊ पाण्याचा तांब्या पुढे करत "कवय उना?", कधी आलास, असं विचारी आणि तांब्या रिकामा व्हायच्या आत "कवय जाशी?", म्हणजे परत कधी जाणार. निवडणुकीत हा दुसरा प्रश्न कोणी काढत नसे. उलट उमेदवाराचा फोन येई, "भाऊ, तुम्हना बिगर गाव सुनं शे." त्या एका वाक्यावर भाईदास पुढची पाच वर्षं काढी.

यंदा मात्र घरातच फितुरी झाली. परगावच्या लोकांना राहत्या ठिकाणाहून मत देता यावं का, हा मुलीच्या, हर्षदाच्या, कॉलेजातल्या प्रोजेक्टचा विषय निघाला.

"पप्पा, सोपं आहे ने! इथंच बटण दाबायचं. गावाला जायची माथाकूटच नाही."

"माथाकूट कोनले व्हस?" भाईदास दचकला. "इठे बटन दाबं, ते मंग आपले बलावी कोन?"

"माले ते इठेच बरं," त्याची बायको सुभद्राबाई गावच्या चुलीचा राग इथल्या गॅसवर काढत म्हणाली. "मांगला खेपले बसमा उलट्या करी करीसन मत टाकं मी."

प्रोजेक्टसाठी लोकांचं मत घ्यायला हर्षदाने मारुतीच्या देवळासमोर गल्लीची सभा बोलावली. वडीलधारा म्हणून अध्यक्षपद भाईदासकडे आलं आणि लेकीच्या प्रोजेक्टची वाट लावायची संधी त्याने सोडली नाही.

"मत काय पार्सल आहे, सुरतेहून धाडायला?" तो गरजला. "मशीन इथं आलं, की गावाला आपलं तोंड कशाला आठवेल?"

टाळ्या पडल्या. टाळ्यांनी माणूस वाहवतो, तसा भाईदास वाहवला. "आन् बस एसी पाहिजे! झोपायची! बायकापोरं धरून सगळ्यांना!" शिट्ट्या वाजल्या. हात वर करून मतदान झालं आणि इथूनच मत द्यायची सुधारणा एकमताने पडली. सुभद्राबाईचाही हात वर होता. ती नवऱ्याशेजारी बसली होती. चिठ्ठ्या टाकून मतदान झालं असतं, तर एकमत थोडं कमी भरलं असतं.

भाषणाचा व्हिडिओ कोणीतरी गावच्या ग्रुपवर टाकला. सरपंचपदाचे दोन्ही उमेदवार, योगराज आणि दगाआबा, यांनी तो आपापल्या घरी पाहिला. सगळं लिंबायत आपल्या खर्चाने झोपून येणार म्हटल्यावर दोघांचीही झोप उडाली. एकमेकांच्या लग्नकार्यालाही न जाणारी ती माणसं दुसऱ्या दिवशी एकाच ओट्यावर चहा पिताना दिसली.

चार दिवसांनी फोन वाजला. योगराजचं नाव पाहून भाईदासने बायकोला हाक मारली आणि तिला ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

"भाईदासभाऊ, तुम्हनं भाषन ऐकं. डोयामा पानी उनं!"

"मंग? बस कवय धाडस?"

"बसनं काय काम, भाऊ? बिनविरोध व्हई गयं. मी सरपंच, दगाआबा उपसरपंच. तुम्हले कसाले तरास!"

"पन..." भाईदासचा आवाज खाली आला. "आम्हना बिगर गाव सुनं पडी ना."

"सुनं कसानं? आम्ही शेतस ना इठे!"

फोन बंद झाला. खात्यातली रजा मंजूर झाली होती. भावासाठी घेतलेला शर्टाचा कपडा पलंगावर तसाच होता. हर्षदाने पंखा उगाच वाढवला.

शेवटी सुभद्राबाईच म्हणाली, "चाला ना, आपन असंच जाऊत."

"असंच कसं? कोनी बलावं नही."

लिंबायतला लागूनच असलेल्या उधन्याहून अंमळनेरला रेल्वे रोज जाते.