गल्लीच्या नावांचा मालक

पेंटर निघाला होता शिडी घ्यायला आणि घेऊन बसला नावं. तीही सात. तीही दुसऱ्यांची.

शिडी काय असते ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भिंतीला लावली की झालं. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याच्या जुन्या शिडीची चौथी पायरी निखळली होती, तिथे त्याने दोरी गुंडाळली होती, आणि तो वर चढला की खाली बायकोच्या तोंडचं पाणी पळायचं. म्हणून तिनेच वर्षभर काटकसर करून नव्या शिडीचे पैसे बाजूला काढले. पैसे खिशात, पाय चपलेत, आणि तेवढ्यात दारात जावई उभा. (जावई दारात असला की सासऱ्याने बाहेर पडू नये म्हणतात. जावई बोलायला लागला की आत थांबू नये, हे मात्र कुणी म्हणून ठेवलेलं नाही.)

जावई कॉम्प्युटरवर काहीतरी करायचा. नक्की काय, ते मुलीलाही ठाऊक नव्हतं, पण करायचा दिवसभर.

"बाबा, शिडी कधीही मिळेल. नावं संपत चाललीयत."

"कुणाची?"

"सगळ्यांची. ब्लॉकचेनवरची नावं. आज घेऊन ठेवायची, उद्या ज्याला हवं त्याला दहापट भावाने विकायची."

"आणि नोंद कुठे असते? कुठल्या ऑफिसात?"

"ऑफिसच नाही. जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांत एकदम लिहिलेलं असतं. कुणाला खोडता येत नाही. सरकारलाही नाही."

"रंग उडत नाही?"

"कायमचं, बाबा."

इथे पेंटर फसला. पैशाला तो भुलला नसता, पैसा त्याने कधी फारसा पाहिलाच नव्हता. पण चाळीस वर्षं उन्हात लटकून काढलेली अक्षरं तीन पावसाळ्यांत पोपडे धरून गळतात, हे त्याचं जुनं दुखणं होतं. न उडणारं नाव! त्याने खिशातले पैसे काढून जावयाच्या हातावर ठेवले.

जावयाने आधी सोनं, बँक, विमान अशी मोठी नावं बघितली. सगळी गेलेली. "मग तुमच्या ओळखीतली सांगा, बाबा. पुढे कुणाला तरी लागतील अशी."

पेंटरने डोळे मिटले आणि आपल्या गल्लीतल्या पाट्या डावीकडून उजवीकडे म्हणून दाखवल्या. न्यू स्टार सलून. परफेक्ट टेलर्स. ताजी बेकरी. सायकलवाला, चष्मेवाला, इस्त्रीवाला, आणि कोपऱ्यावरचे दाताचे डॉक्टर. प्रत्येक नावापुढे टिंब, टिंबापुढे 'चेन'. दहा मिनिटांत गल्ली पेंटरच्या मालकीची झाली. गल्लीला याचा पत्ताही नव्हता.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "अहो, शिडी कुठाय?"

"शिडीपेक्षा वर जाणारी वस्तू घेतलीय."

"दाखवा."

"दाखवता येत नाही."

"ठेवलीय कुठे?"

"सगळ्या जगात."

"मग ते जग आणा नि भिंतीला लावा. मला माळ्यावरून डबे काढायचेत."

दुसऱ्या दिवशी पेंटर पहिलं गिऱ्हाईक गाठायला सलूनमध्ये गेला. सलूनवाला त्याचा लंगोटीयार. त्याने गळ्याभोवती कापड बांधलं, कात्री चालवली, उजवी बाजू चकाचक कापून काढली. पेंटरला वाटलं, हीच वेळ. (वेळ निवडण्यात पेंटरचा हात कुणी धरणार नाही.)

"ऐक, तुझ्या दुकानाचं नाव माझ्याकडे आहे."

"आहेच की. तूच रंगवलंस."

"तसं नाही. विकत घेतलंय मी. माझ्या मालकीचं आहे."

कात्री थांबली. "कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"हे दुकान माझ्या बापाने टाकलंय!"

"दुकान तुझंच. नाव फक्त माझं. तुला हवं असेल तर देईन. ओळखीतला आहेस म्हणून आठपटच घेईन."

सलूनवाल्याने कापड ओढून काढलं, झटकलं आणि दाराकडे बोट दाखवलं. "ऊठ!"

"अरे पण डावी बाजू?"

"ती पण विकत घे मंगळवारी!"

पेंटर तसाच पुढच्या गल्लीतल्या सलूनमध्ये गेला. तिथल्या माणसाने एक नजर टाकली आणि हात जोडले. "दुसऱ्याने अर्धवट सोडलेलं डोकं आम्ही हातात घेत नाही." पेंटरला हे पटलं. दुसऱ्या पेंटरने अर्धी सोडलेली पाटी त्याने स्वतः जन्मात कधी पुरी केली नव्हती. धंद्याचा नियम तो नियम.

घरी बायकोने त्याला उजवीकडून पाहिलं आणि म्हणाली, "आलात?" मग डावीकडून पाहिलं आणि म्हणाली, "हे कोण?"

तासाभरात बातमी गल्लीभर. बेकरीवाल्याने समोर पाव रचलेले असताना पाव संपले म्हणून सांगितलं. शिंप्याने पेंटरची पँट एक पाय शिवून खुंटीला टांगून ठेवली. "दुसऱ्या पायाचा मालक कोण ते ठरू दे आधी." दाताचे डॉक्टर तेवढे शिकलेले, त्यांनी शांतपणे विचारलं, "आता दात कुणी काढायचे? तुम्ही की मी?"

हसण्यावारी नेता आलं असतं. पण सायकलवाला आणि चष्मेवाला या महिन्यात पाट्या नव्याने रंगवून घेणार होते, आणि दोघांनीही आता दुसरा पेंटर बघतो म्हणून निरोप धाडला. याच गल्लीवर पेंटरची चूल पेटायची. ती गेली तर अर्ध्या डोक्याने नवी गल्ली कुठे शोधणार?

त्याने जावयाला फोन लावला. "जावईबापू, ती नावं खोडून टाका."

"खोडता येत नाहीत बाबा. हीच तर गंमत आहे!"

"मला गंमत नकोय, पाव हवाय."

"मग फुकट देऊन टाका ज्याची त्याला. फक्त प्रत्येकाने मोबाईलवर एक खातं उघडायचं, त्यात मी पाठवतो."

पेंटर हा निरोप घेऊन घरोघर फिरला. गल्लीने दारं लावून घेतली. "काल नाव घेतलं, आज मोबाईल मागतोय," शिंपी म्हणाला. "उद्या म्हणेल, मशीन दाखव."

घ्यायला कुणी तयार नाही, टाकून देता येत नाही. खिशात पेटता निखारा ठेवून माणूस कसा फिरेल, तसा पेंटर तीन दिवस फिरला. टोपी घालून. चौथ्या दिवशी बेकरीत बैठक बसली. पेंटरला मैद्याच्या पोत्यावर बसवलं. डॉक्टरांनी निकाल वाचला: पेंटरने सातही दुकानांच्या पाट्यांवर, नावाच्या खाली, स्वतःच्या रंगाने, स्वतःच्या हाताने लिहायचं, 'या नावाशी पेंटरचा काहीही संबंध नाही.'

"आणि माझं डोकं?" पेंटरने विचारलं.

"रंग वाळला की," सलूनवाला म्हणाला.

पेंटरने शिडी काढली. तीच, दोरीवाली. एका बाजूने शिंपी धरायचा, दुसऱ्या बाजूने सलूनवाला, आणि पेंटर चौथ्या पायरीवर आला की दोघं एकमेकांकडे बघायचे.

"सोडू का?"

"आधी माझी पाटी होऊ दे."

दोन दिवस पेंटर राबला. चाळीस वर्षांत कुणी कधी विचारलं नव्हतं की ही पाटी कोणी रंगवली. आता येणारा जाणारा थांबून वाचायचा आणि दुकानात शिरून पहिला प्रश्न करायचा, "हा पेंटर कोण? केलं काय त्याने?" गिऱ्हाईक आत येतंय म्हटल्यावर दुकानदारांचा रागही निवळत गेला. बेकरीवाला तर ती गोष्ट पावाबरोबर फुकट सांगायचा, रोज थोडी वाढवून. सायकलवाल्याने नव्या पाटीचं काम परत दिलं, चष्मेवाल्यानेही दिलं. शिंप्याने पँटचा दुसरा पाय जोडला. रंग वाळला तसा सलूनवाल्याने डाव्या बाजूला हात घातला आणि पैसे पूर्ण डोक्याचे घेतले.

जावई येऊन गेला. पाट्या वाचून म्हणाला, "बाबा, केवढी जाहिरात झाली! आता भाव वाढणार." पेंटरने त्याला चहा न देता वाटेला लावलं. मुलीचा फोन आला, पेंटरने तो बायकोकडे दिला.

संध्याकाळी बायको गल्लीतून चालत निघाली. एकेका पाटीखाली थांबून तिने सातही पाट्या सावकाश वाचल्या. पेंटर मागून येत होता, हातात रंगाचा डबा, डोकं दोन्ही बाजूंनी सारखं.

"अक्षर फार सुरेख आलंय हो," ती म्हणाली.

पेंटरची छाती फुगली. लग्नाला इतकी वर्षं झाली, अक्षराबद्दल ती पहिल्यांदाच बोलत होती.

"डब्यात रंग उरलाय का?"

"उरलाय की! का गं?"

"आपल्या दारावरच्या पाटीवर माझं नाव आहे ना," बायको म्हणाली, "त्याच्याखालीही एवढंच लिहा. जरा ठळक."