एकवीस भोकांची गाळणी

मुंबईला बटणांच्या कारखान्यात चार वर्षं काढलेला माणूस रत्नागिरीत मी एकटाच, त्यामुळे प्लास्टिकमधलं मला सगळं कळतं, हे मी आधीच सांगून ठेवतो. येताना हाताने दाबायचं जुनं यंत्रही आणलं होतं. नळकांड्यात प्लास्टिकचा दाणा वितळवायचा, दांडा ओढायचा, रस लोखंडी साच्यात शिरला की वस्तू तयार. मी ठरवलं, खिशात मावेल अशी कॉफीची गाळणी काढायची. पेल्यावर ठेवा, वरून उकळतं पाणी ओता. तळाला मोजून एकवीस भोकं!

गिऱ्हाईकही हेरलं होतं. शेजारचा सुलेमान विलायतेच्या जहाजावर बटलर. गुरुवारच्या बोटीने तो मुंबईला निघणार होता आणि नमुना कप्तानाला दाखवणार होता. कप्तानाला पसंत पडला, की माझा कारखाना उभा!

भीती एकाच माणसाची, समोर पत्र्याचे डबे करणाऱ्या आप्पाची. त्याला वस्तू नुसती दिसली तरी तो पत्र्यात उतरवतो. म्हणून मी पडवीच्या खिडकीला गोणपाट ठोकलं आणि दार आतून लावून घेतलं. आत स्टो, बाहेर उग्र वास, आणि साचा थंड करायला विहिरीवरून घेतलेली रबरी नळी. आप्पाने विचारलंच, तेव्हा मी तुटकपणे म्हटलं, "गाळायचं यंत्र आहे." तो वास हुंगत निघून गेला. मला वाटलं, जळला.

बुधवारी सकाळी नमुना निघाला. सुलेमान घरी नव्हता, म्हणून चिठ्ठी ठेवली: 'गाळायचं यंत्र तयार आहे. बोटीवर न्यायचं. कोणाला कळू देऊ नये.' सुलेमानच्या आईला मराठी वाचता येईना. तिने चिठ्ठी वाचायला नेली, ती नेमकी आप्पाकडे!

दुपारी हवालदार भागोजी दारात. मागे आप्पा, सुलेमान आणि अर्धी आळी. दारूबंदी आल्यापासून भागोजीला गुळाच्या ढेपेचाही संशय येत असे.

"कुठं गाळतोस?" त्याने विचारलं.

"इथंच."

"काय?"

"कॉफी."

"नि ही नळी?"

"थंड करायला."

"भट्टीलापण थंडच करावं लागतं," भागोजी म्हणाला. "गाळून दाखव."

माझी बायको गोदा हिने पाणी उकळून आणलं. मी सुलेमानकडे पाहत ऐटीत ओतलं. गाळणी आधी लवली, मग पेल्यावर मांडी घालून बसली. भोकं मिटली. खाली एक थेंब नाही!

"आधी करून बघितलं नव्हतंत?" गोदाने विचारलं.

बघितलं होतं. पण थंड पाण्याने. कॉफी फुकट जाऊ नये म्हणून.

भागोजीने पंचनामा लिहिला: 'सदर यंत्रातून काहीही गाळता येत नाही, अशी खात्री पटली.' सही केली नाही तर मी दारू गाळणारा, केली तर कारखाना बुडाला. मला रडूच येत होतं. पण केली. मान वर करून पाहतो तर पंच म्हणून बोलावलेला आप्पा खाटेवरचा साचा उघडून आत बोट फिरवत होता.

गुरुवारी सुलेमान बोटीवर चढायला निघाला, तेव्हा त्याच्या पिशवीतून पत्र्याची नवी कोरी गाळणी डोकावत होती. सगळ्या आळीचा संशय खोटा निघाला. खरा निघाला तो फक्त माझा. मी धक्क्यावरच ती हातात घेऊन मोजली, एकवीस भोकं होती.