दिगंबररावांचं फर्मान

दिगंबरराव समोर येईल ती वस्तू बोटाच्या पेरानं टकटक वाजवायचे आणि कान लावायचे. माझ्या लग्नात आलेलं लाकडी कपाट त्यांनी असंच वाजवलं आणि सासऱ्यांच्या देखत सांगितलं, "मागची फळी पोकळ बोलून राहिली." सासरे नंतर वर्षभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. दिगंबररावांशी मात्र बोलायचे.

नांदेडला धावपट्टीच्या कडेला आमचा छोटा ग्लायडिंग क्लब होता. क्लबात एकच ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं, दोन माणसांचं लाकडी विमान. चांगलंच म्हातारं. मी ते उडवायला शिकवायचो. दिगंबरराव त्याचे तपासनीस. त्यांची सही झाल्याशिवाय ते शेडबाहेर निघायचं नाही.

खोटं कशाला सांगू, मी त्यांच्यावर जळायचो. काळा चष्मा माझा, उड्डाण माझं, पण शिकायला आलेली पोरं त्यांच्याभोवती. दातांच्या डॉक्टरकडचा असतो तसला इवला आरसा पंखाच्या भोकात घालून ते बॅटरीच्या उजेडात बघत बसायचे, आणि पोरं श्वास रोखून उभी! आमची बायकोसुद्धा म्हणायची, "दिगंबररावांचा एकेक स्क्रू डबीत असतो. तुमचे मोजे कुठं असतात?"

जुन्या ग्लायडरांच्या सक्तीच्या तपासणीचे हुकूम दिल्लीहून टपालानं यायचे. दिगंबरराव त्याला 'फर्मान' म्हणायचे आणि टोपी घातल्याशिवाय वाचायचे नाहीत.

भूकंपाला वर्ष झालं होतं. लातूर-नांदेडात गल्लोगल्ली क्लास निघत होते. अशाच एका क्लासचे सर दोन बस भरून पोरं ग्लायडर बघायला आणणार होते. मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून पोचलो, तर दिगंबरराव टोपी घालून बसलेले.

"फर्मान आलंय. पंखाच्या मुळाशी डिंकानं जोडलेले सांधे उघडून बघायचे."

"उद्या बघा. परवाच तर उडवलंय मी."

"न्हाई. पुढच्या उड्डाणाआधी, असं लिवलंय."

माझा तोल गेला. "तुम्हाला उडता येत नाही ना, म्हणून माझं उडणं बघवत नाही तुम्हाला!"

त्यांनी उठून पंखाच्या मुळाशी कापड सोडवलं, आतली फळी काढली आणि त्या फर्मानाचाच कोपरा सांध्यात सरकवला. कागद बोटभर आत गेला. डिंक कधीच सुटला होता. परवा मी एका कॉलेजच्या पोराला घेऊन त्याच पंखावर वर गेलो होतो. मी तिथंच खाली बसलो.

दिगंबरराव शेजारी बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"भूकंपाच्या साली राखीला अक्काकडं गेलतो, लातूरकडं. भिंत वाजवली. पोकळ बोलली. दाजी म्हणले, हे काय ग्लायडर हाय का? सगळे हसले. मीबी हसलो अन् गप बसलो." त्यांनी मांडीवरची टोपी सरळ केली. "अक्का त्याच भिंतीखाली सापडली."

तेवढ्यात बस आल्या. उड्डाण बंद म्हटल्यावर क्लासचे सर चिडले, "एवढ्या लांबून आलो आम्ही! कुणी बंद केलं?"

"मी," मी म्हणालो. "आज उड्डाण नाही. पण आमचे दिगंबरराव तुम्हाला काहीतरी दाखवतील."

त्यांनी पोरांना तो सांधा दाखवला, प्रत्येकाला कागद सरकवून बघू दिला. पोरं तासभर हलली नाहीत. मी बाजूला उभा राहून थोडा जळलोच.

बस गेल्यावर मी म्हणालो, "दिगंबरराव, सकाळचं मनावर घेऊ नका."

ते पंखावर कापड पांघरत होते. मान वर न करता म्हणाले, "खरंच बोलले तुम्ही. बघवत न्हाई मला. तुम्ही वर गेले की मी शेडमागं जाऊन बसतो, डोळे मिटून. खाली टेकल्याचा आवाज आला, की मग येतो."